ट्रेगेन्झा सरांची रेघ

डेस ट्रेगेन्झाच्या पोलादी मोजपट्टीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. दरवर्षी ऑक्टोबरात ॲडलेडच्या त्या मोठ्या हॉलमध्ये फूटीच्या, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, पोरांची चाचणी असायची, आणि त्या दिवशी हा माणूस सगळ्यांच्या आधी तासभर हजर. गुडघे टेकायचा आणि लाकडी जमिनीवर वीस मीटर मोजायचा. एकदा मोजून त्याचं समाधान व्हायचं नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पुन्हा इकडून तिकडे, असं तीनदा. तिन्ही वेळा आकडा तोच आला की मग दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून रेघ ओढायची, तीही स्वतःच्या हाताने. कुणी म्हणालं, "सर, जमिनीवर आधीच रेघा आहेत की," तर म्हणायचा, "त्या कुणी मोजल्या? तू मोजल्यास? मग गप बस."

पोरं त्याला मागून फूटपट्टी म्हणायची. त्याला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

आमच्या मूंटा गावचाच तो. खाणीत राबायला कॉर्नवॉलहून आलेल्यांचा वंश. शेजारच्या कडीनाच्या शाळेत चौतीस वर्षं पी.टी. शिकवली. तरुणपणी बरा खेळायचा. एकोणीस वर्षांचा असताना शहरातल्या एका क्लबने पळवून बघायला बोलावलं, आणि ज्याच्या हातात घड्याळ होतं तो बाबा नेमका सिगारेट पेटवत होता. डेस रेघ ओलांडून दहा पावलं पुढे गेला तेव्हा कुठे त्याने बटण दाबलं. "पोरा, जरा जड आहेस," एवढंच म्हणाला आणि आकडा लिहून मोकळा झाला. पुढच्या वर्षी डेसचा गुडघा गेला आणि विषयच संपला. त्या सिगारेटवाल्याला त्याने जन्मभर माफ केलं नाही. निवृत्तीला आला तरी त्याचं नाव निघालं की हा जेवणाचं ताट बाजूला सरकवायचा. म्हणून पुढे तो स्वतः रेघेवर उभा राहिला तेव्हा डोळ्यात तेल घालून उभा राहिला, आणि तीस वर्षं तसाच राहिला.

तेव्हा बीप टेस्ट होती. आता ती गेली, पोरांना मैदानावर दोन किलोमीटर पळवतात. बीप टेस्ट म्हणजे वीस मीटरवरच्या दोन रेघा आणि स्पीकरवर वाजणारी बीप. बीप वाजायच्या आत पाय रेघेवर टेकला पाहिजे, मग वळायचं आणि परत. दर मिनिटाला दोन बीपमधला वेळ कमी होत जातो, लेव्हल वाढत जाते आणि पोरं गळत जातात. बाराव्या लेव्हलच्या सातव्या फेरीला गळला तर आकडा बारा-सात. पाय रेघेला पोचला नाही तर रेघेवरचा माणूस ओरडतो, "एक!" पुन्हा कधी चुकलं की, "दोन. बाहेर!" संपलं. त्यावर दाद नाही, फिर्याद नाही. रेघेवरच्या माणसाचा शब्द तो शब्द. आणि शब्द असावा तर ट्रेगेन्झा सरांचा, असं मोठ्या क्लबांची पोरं पारखायला आलेली माणसंसुद्धा म्हणायची.

अशा माणसाचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. डाव्या डोळ्याचा मधला भाग दोन वर्षांपूर्वीच गेला होता, उजव्याचा त्या वर्षी जून-जुलैच्या हिवाळ्यात जायला लागला. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघायला जावं तेच धुरात जायचं. पानावरचे शब्द जायचे, कागदाची कड राहायची. बायकोचं तोंड जायचं, कानातले राहायचे. डॉक्टरने सरळ सांगितलं, "गेलेलं परत यायचं नाही. आहे ते जपा." डेसने ते कुणालाही सांगितलं नाही. गाडी चालवणं बंद केलं तेव्हा म्हणाला, क्लच गेलाय. गाडी अंगणात उभी राहिली आणि ग्लेनिस तिच्या छोट्या गाडीतून त्याला इकडे तिकडे न्यायला लागली. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला क्लचची थाप मारून आपण फसवलं, असं हा मनापासून समजत होता. पुरुषांची कमाल आहे, दुसरं काय!

आणि चाचणीचा दिवस काही त्याला सोडवेना. शाळा सुटली, गुडघ्यामुळे मैदान सुटलं, मित्र एकेक करून मूंटाच्या दफनभूमीत गेले. वर्षातला तो एकच दिवस उरला होता की ज्या दिवशी चाळीस पोरं आणि त्यांचे बाप याच्या तोंडाकडे बघायचे.

मग त्याने एक शोध लावला. कडीनाच्या शाळेच्या हॉलमध्ये पोरं सराव करत होती आणि हा बाकावर मान खाली घालून बसला होता. एकाएकी त्याच्या लक्षात आलं, बूट चिकटपट्टीवर टेकून वळला की आवाज बद्द येतो, थप. आणि पट्टीच्या अलीकडे नुसत्या लाकडावर वळला की चीं करून ओरडतो. थप म्हणजे पोचला, चीं म्हणजे कमी पडला. सबंध हिवाळा तो तिथे जाऊन कान तयार करत राहिला. दहात दहा वेळा बरोबर यायला लागलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की घरी येताना शीळ घालत आला. डोळे गेले तर गेले, कान आहेत ना!

चाचणीच्या आठवडाभर आधी तो ग्लेनिसला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"तुझी ती पांढरी कापडी पट्टी घ्यायची ना?" ग्लेनिसने विचारलं.

"यंदा नारिंगी बघ. चांगली भडक."

"का बरं?"

"पोरांना दिसायला."

"पोरांना," ग्लेनिस म्हणाली, आणि फळीवरची रिळं चाळायला लागली.

नारिंगी होती, पण प्लास्टिकची. दुकानदार म्हणाला, "खोकी बांधायला घेतात ही, सर. जमिनीवर टिकेल का शंकाच आहे." "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," डेस म्हणाला. ग्लेनिसने दोन रिळं पिशवीत टाकली.

चाचणीच्या सकाळी हॉलमध्ये रेनेने ती रेघ पाहिली. रेने नॉस्के म्हणजे चाचणीची प्रमुख, कडीनाच्या शाळेत डेसच्याच हाताखाली धावलेली.

"हे काय, सर? रस्ता दुरुस्तीचं काम घेतलंत का?"

"डोळे दिपले पाहिजेत कार्ट्यांचे. रेघ दिसली नाही म्हणून रडायला नको."

"तुमच्यापुढे कोण रडतंय!" रेने हसत निघून गेली. डेसने नुकतीच जमीन तीनदा मोजली होती, पण आकडे वाचून नाही. मोजपट्टीच्या विसाव्या मीटरवर त्याने आदल्या दिवशी घरी कानशीने खाच पाडली होती. ती खाच त्याने अंगठ्याने चाचपली होती.

ही चाचणी म्हणजे उरल्यासुरल्यांची. ज्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात त्या पोरांना वेगळं बोलावणं जातं. इथे येतात ती कुंपणावरची, ज्यांच्या नावापुढे क्लबांच्या वह्यांत प्रश्नचिन्ह असतं. एक आकडा चांगला पडला तर नोव्हेंबरच्या निवडीत शेवटी शेवटी नाव पुकारलं जाईल, नाहीतर गावी जाऊन शनिवारची फूटी खेळायची. जेम्सटाउनचा रीस मॉल्टबी असाच एक. अठरा वर्षांचा, बुटकेला, बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा. सकाळी माणूस जरा उंच भरतो आणि बसून राहिलं की आखडतो, म्हणून ही पोरं येताना गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून येतात. रीसही दोन-अडीच तास तसाच आला होता आणि तरी बुटकाच भरला.

पळण्यात तो मागे पडला. उडीत तर त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. आधी नुसता हात वर करून मोजतात, मग उडी मारून. बाकीची पोरं हात वर करताना खांदा चोरतात, म्हणजे उडी जास्त दिसते, आणि रेनेला त्यांची कोपरं ढकलून ढकलून वर करावी लागतात. हा बाबा सांगायच्या आत असा ताणून उभा राहिला की रेनेच म्हणाली, "अरे, पुरे!" दोन बोटं उडी तिथेच गेली. भिंतीशी बसलेल्या क्लबांच्या माणसांपैकी एकाने वही मिटली.

उरली बीप टेस्ट. तिच्या आधी एक जाडजूड माणूस डेसपाशी येऊन उभा राहिला.

"सर, ओळखलंत का?"

डेसला त्याचे कान दिसत होते आणि टोपीची कड. पण आवाज ओळखीचा निघाला. "वॉरन मॉल्टबी. मेल्या, किती शिव्या घातल्या होत्यास मला!"

"चोवीस वर्षं झाली. आईवरनं पण घातल्या होत्या." वॉरन हसला. "बारा-सातला बाहेर काढलंत. क्लबांची माणसं बघत होती सगळी. डोकं फिरकं आहे म्हणून शेरा मारला त्यांनी, आणि मी बसलो मेंढ्या धरून."

"पाय पोचला नव्हता तुझा."

"नव्हताच. पण ते कबूल करायला दहा वर्षं गेली हो. दहा वर्षं मी पबमध्ये सांगत फिरत होतो, तो फूटपट्टी आंधळा आहे म्हणून. मग एक दिवस मेंढी कातरता कातरता हात थांबला. म्हटलं, वॉरन, गाढवा, तुला तेव्हाच माहीत होतं. त्या दिवसापासून बरं वाटायला लागलं बघा मला." त्याने टोपी मागे सारली. "पोराला लहानपणापासून हेच सांगितलंय. ट्रेगेन्झा सर बाहेर म्हणाले की बाहेर. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"कसा आहे दमाला?"

"दुसरं काही नाही हो त्याच्याकडे, पण दम आहे. घरी पंधरा-दोन काढलंय. ती मेलबर्नच्या क्लबची माणसं म्हणाली, पंधरा दाखव, मग बोलू."

डेसने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि रेघेवर जाऊन उभा राहिला.

शेवटच्या तुकडीत आठ पोरं होती, प्रत्येकाला धावायला आपापला पट्टा. या टोकाला डेस, त्या टोकाला रेनेचा मदतनीस. सातव्या लेव्हलपर्यंत कुणी गळलं नाही. अकरापर्यंत चार गेले. डेस मान किंचित वळवून उभा होता, जणू काही दाराकडे बघतोय, आणि कान रेघेकडे. थप. थप. थप. एकदा चीं. "एक, पाचवा!" पाचव्या पट्ट्यातल्या पोराने निमूट मान हलवली. बरोबरच होतं ते. डेसला वाटलं, निभावलं. यंदाचं तरी निभावलं.

तेराव्या लेव्हलला दोघेच उरले, तिसऱ्या पट्ट्यात रीस आणि सहाव्यात पोर्ट लिंकनचा एक सडपातळ मुलगा. सगळा हॉल ओरडत होता. रीसचा श्वास अजून एकसारखा चालला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने डेसला कळत होतं, या पोरात अजून दोन लेव्हल सहज आहेत. मनातून त्यालाच आनंद झाला.

बीप. चीं.

डेसचा हात आपोआप वर गेला. "एक, तिसरा!"

रीसने पळता पळता खाली पायाकडे बघितलं. परत आला तेव्हा जरा लांब ढांग टाकून आला. बीप. पुन्हा चीं, आधीपेक्षा मोठ्याने.

"दोन, तिसरा. बाहेर!"

रीस थांबला. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तोंड उघडलं, मग मिटलं, आणि बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसला. तेरा-चार. वॉरन लांबून ओरडला, "शाब्बास, पोरा!" वाद घातला नाही म्हणून शाब्बास. सहाव्या पट्ट्यातला मुलगा चौदा-सहापर्यंत गेला आणि त्याला टाळ्या पडल्या. क्लबांच्या माणसांना विमानं पकडायची होती, ती वह्या गोळा करून निघाली.

हॉल रिकामा झाला. रेघ काढायची तीही स्वतःच, हा डेसचा नेम. गुडघे टेकून त्याने शेवटाकडून अंगठ्याने पट्टी सोडवत आणायला सुरुवात केली. आठवा, सातवा, सहावा, पाचवा, चौथा. तिसऱ्या पट्ट्यात पट्टी संपली. त्याला वाटलं, तुटली. पुढे हात सरकवला तर नुसतं लाकूड. आणखी पुढे, तरी लाकूड. दीड वीत जागा मोकळी होती आणि तिच्या कडेला पट्टीचं चुरगळलेलं टोक वर आलं होतं. बोटांना डिंकाचा चिकटा लागत होता, म्हणजे पट्टी इथे होती आणि पोरांच्या बुटांनी वळून वळून सुटून गेली होती.

रीसचा पाय रेघेवरच पडत होता. रेघच राहिली नव्हती तिथे, म्हणून लाकूड ओरडत होतं. ज्याला डोळे आहेत अशा कुठल्याही शेंबड्या पोराला ते दिसलं असतं. तो तसाच खाली बसून राहिला, हातात ती नारिंगी गुंडाळी धरून.

"सर, बरं नाही का वाटत?" रेने जवळ आली.

"मी चुकलो, रेने. मॉल्टबीचा पोरगा पोचला होता. दोन्ही वेळा."

"सर, तुम्ही आणि चुकणार?"

"मला दिसत नाही." एवढे महिने दाबून धरलेलं ते वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की त्यालाच नवल वाटलं. "हिवाळ्यापासून मधलं काही दिसत नाही. आवाजावर सांगत होतो सगळं."

रेनेचा आवाज चढला. "आणि हे आता सांगताय? मला आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं असतं, रेघेवर दुसरा माणूस उभा केला असता! कोण काय म्हणालं असतं तुम्हाला?" मग तिने घड्याळाकडे बघितलं. "माणसं तर गेली, सर. विमानतळावर पोचलीसुद्धा असतील. पुन्हा पळतो म्हणाला तर मी बीपचं मशीन लावते. दोन्हींतला चांगला आकडा धरू, आणि सगळ्या क्लबांना पत्र लिहिते. जास्त माझ्या हातात नाही. जा, विचारा त्याला."

बाहेर वॉरनच्या पिकअपच्या मागच्या फळीवर रीस अनवाणी बसून खिमा-बटाट्याची पॅस्टी खात होता. ग्लेनिसही तिथेच उभी राहून त्यांच्याशी गप्पा मारत होती. डेसने जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, तू पोचला होतास.

वॉरन हसायला लागला. "सर, तुम्ही दया दाखवायला लागलात? म्हातारे झालात की! राहू दे. पडला तो कमी, शिकेल त्यातून. मी शिकलो तसा."

"दया नाही, वॉरन. पट्टी सुटली होती."

"हां, म्हणजे हे त्याचंच होय," रीस म्हणाला आणि त्याने बूट उचलून डेसपुढे धरला. "मघाशी तळव्याला चिकटलेलं सापडलं. हे बघा, सर."

"काय?"

"हे. हे काय इथे."

"मला दिसत नाही, रीस."

"अहो, हे नारिंगी..."

"मला तू दिसत नाहीस, बाळा."

रीसने बूट खाली घेतला. अर्धी पॅस्टी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. "म्हणजे मी टेकलो होतो?" त्याने विचारलं.

"टेकला होतास."

"मला वाटतच होतं," रीस म्हणाला, आणि मग तो रडायला लागला. मघापासून तो एकदाही रडला नव्हता. कमी पडलो हे त्याने गिळलं होतं, पण हे त्याला गिळता येईना.

तरी पळाला तो. बापाने बूट चढवून दिले. रिकाम्या हॉलमध्ये रेनेने पांढरी पट्टी लावली, एका रेघेवर ती स्वतः आणि दुसऱ्या रेघेवर मदतनीस. डेस बाकावर बसला आणि ग्लेनिस त्याच्या शेजारी. एकाच पोराच्या बुटांचा आवाज, आणि बीप. पोटात पॅस्टी, पाय थंड पडलेले, ओरडायला कुणी नाही. नवव्या लेव्हलला त्याच्या श्वासाची लय गेली. डेसला ते ऐकू आलं, आणि पुढे काय होणार तेही कळलं. दहा-नऊला पोटरीत गोळा येऊन रीस खाली बसला.

रेनेने कागदावर तेरा-चार तसंच ठेवलं आणि खाली शेरा लिहिला. त्या कागदावर रेघेवरच्या माणसाची सही लागते. तिने कागद पुढे केला, पण डेसने हात मागे घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने सही केली नाही. रेनेने आपलीच केली.

निघताना वॉरन पोराला खांद्याचा आधार देऊन चालला होता. दारापाशी थांबला आणि वळून परत आला.

"एक विचारू, सर?"

"विचार."

"माझ्या वेळेला?"

"तुझ्या वेळेला माझे डोळे चांगले होते, वॉरन. शपथेवर सांगतो."

"असं तुम्ही म्हणता," वॉरन म्हणाला. आवाज चढवून नाही म्हणाला. त्याने चोवीस वर्षांपूर्वीसारख्या शिव्या घातल्या असत्या तर डेसला बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर पोर्ट वेकफील्ड गाव मागे पडलं. मग ग्लेनिस म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तू माझ्या कानातल्यांशी बोलायला लागलास तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? वर्षातला एक दिवस तुझ्या तोंडावर हसू असतं. तेही मीच काढून घेऊ?" तिने गाडीचा वेग कमी केला. "ती मेली पट्टीसुद्धा मीच पिशवीत टाकली, डेस. त्या दुकानदाराचं ऐकलं आणि तरी टाकली." तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. धान्याचे ट्रक शेजारून जात होते.

नोव्हेंबरात निवड झाली. संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावून डेस एकेक नाव ऐकत बसला. पोर्ट लिंकनच्या मुलाचं नाव आलं. मग पुष्कळ नावं आली, आणि मग निवेदक म्हणाला की यंदाची निवड पूर्ण झाली. रेनेने कबूल केल्याप्रमाणे सगळ्या क्लबांना पत्रं पाठवली होती, त्यातल्या दोघांनी आभाराचं उत्तरही धाडलं होतं. पंधरा-दोन पडलं असतं तरी बुटक्या पोराला कुणी घेतलं असतं का, हे काही सांगता येत नाही. रेने तेच म्हणाली, ग्लेनिसही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोलादी मोजपट्टी पुसून, तेल लावून, खोक्यात घालून त्याने रेनेकडे पाठवून दिली.

रीस आता बापाच्या शेजारी उभा राहून मेंढ्या कातरतो. शनिवारी जेम्सटाउनकडून खेळतो आणि चांगला खेळतो म्हणे. आणि वॉरन पबमध्ये पुन्हा तेच सांगायला लागलाय, जे सांगायचं त्याने चौदा वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, की तो फूटपट्टी आंधळा आहे, तेव्हाही होता आणि आताही आहे. जेम्सटाउनची गोष्ट मूंटाला पोचायला कितीसा वेळ लागतो!

"तेव्हा तर तुझे डोळे धडधाकट होते," ग्लेनिस चिडून म्हणाली. "जाऊन सांग ना त्याला."

"सांगितलंय."

"मग पुन्हा सांग!"

डेस मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो, त्या उभ्या राहिलेल्या गाडीशेजारी. सकाळभर तिथेच असतो. चोवीस वर्षांपूर्वीचा तो पाय त्याला आतापर्यंत लख्ख दिसायचा. काळा बूट, पांढरी रेघ, मध्ये चार बोटांची मोकळी जागा. आता तो डोळे मिटून त्याच जागेकडे बघायला जातो. बुटाची नाडी दिसते, पोटरी दिसते, रेघ लांबवर गेलेली दिसते. तेवढी ती चार बोटं त्याला काही केल्या दिसत नाहीत.